रेट्याचे गणित आणि पंचवटीच्या वाटा

विषम माध्यमातील यदृच्छ चालीविषयी जे संशोधन झाले आहे, त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मुस्तनसिर बर्मा व दीपक धर यांचा १९८३ चा निबंध विशेष लक्षणीय होय. त्यातील निष्कर्ष प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. ज्या जाळ्यातील काही दुवे यदृच्छया तोडलेले आहेत, अशा जाळ्यात भ्रमण करणाऱ्या कणाला एका दिशेने रेटा दिला असता, रेटा अल्प असेतो कण त्या दिशेने निश्चित सरासरी वेगाने सरकतो. परंतु रेटा एका मर्यादेपलीकडे गेला की हा वेग शून्य होतो.

याचे कारण आंधळ्या बोळांत आहे. रेट्याच्या दिशेने आत शिरलेल्या कणाला बाहेर पडण्यासाठी रेट्याविरुद्ध मागे यावे लागते. बोळाची खोली एका पावलाने वाढली की तसा बोळ आढळण्याची संभाव्यता, समजा, निम्मी होते. सुटकेस लागणारा काळ मात्र ब पटीने वाढतो, आणि रेट्याबरोबर ब वाढत जातो. ब दोहोंपेक्षा लहान असेतो अडकून राहण्याचा सरासरी काळ सान्त असतो. ब दोन होताच तो अनंत होतो. विरळा आढळणारा खोल बोळच सर्व गतीचा नियंता ठरतो.

१९८३ चा युक्तिवाद भौतिकीच्या पद्धतीचा होता. अल्प रेट्यास वेग धन आणि प्रबळ रेट्यास शून्य, याची काटेकोर सिद्धता २००३ मध्ये बर्जर, गँटर्ट व पेरेस यांनी आणि स्वतंत्रपणे स्निटमन यांनी दिली; मर्यादा एकच व निर्णायक असते, हे फ्रिबर्ग व हॅमंड यांनी २०१४ च्या निबंधात दाखविले.

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात, पंचवटीत रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ जणांचा अंत झाला. या घटनेस वरील निष्कर्ष तसाच लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरला पाहिजे. प्रतिकृतीतील कण परस्परांस अडवीत नाहीत. एकाच स्थानी कितीही कण राहू शकतात. गर्दीत मात्र माणूसच माणसाचा अडसर होतो, आणि प्राण घेतो तो शरीरांवरील दाब, ज्यास प्रतिकृतीत स्थानच नाही. शिवाय यात्रेकरूस गंतव्य ठाऊक असते. आणि पंचवटीच्या वाटा सान्त असल्याने वेग काटेकोर अर्थाने शून्य करणारी मर्यादा तेथे संभवतच नाही.

मग या गणिताचा उपयोग कोणता? सूत्र नव्हे, तर प्रश्न विचारण्याची रीत. वाटांच्या सरासरी रुंदीवरून गर्दीचा अंदाज बांधणारा आराखडा नेमकी ती एकच घातक जागा झाकून टाकतो. सर्वांत वाईट जागा कोणती आणि रेट्याविरुद्ध तेथून मागे फिरता येते काय, हे दोन प्रश्न सरासरीच्या आधी विचारले पाहिजेत. सूत्र उचलून गर्दीवर बसविणाऱ्या अभ्यासकाने हे प्रश्न टाळले, तर त्याचे गणित निर्दोष असूनही निरुपयोगी ठरेल.