छातीच्या फोटोत डाग दिसला, पुढे काय?

आपल्याकडे छातीचा क्ष-किरण फोटो रुग्णाबरोबर घरी जातो. लिफाफा पेटीत पडतो आणि तो पाहणाऱ्या डॉक्टरांकडे बहुधा नोंदही उरत नाही. खाजगी डॉक्टरांच्या क्षयोपचारावर जी टीका झाली, तिच्यातून नेमकी हीच बाब निसटली आहे, असे मला वाटते.

या टीकेतील दोन अभ्यास प्रसिद्ध आहेत. उपलेकर आणि शेपर्ड यांच्या १९९१ च्या अभ्यासात मुंबईच्या झोपडपट्टी भागातील शंभराच्या आसपास डॉक्टरांनी क्षयावर ८० प्रकारच्या औषधयोजना सांगितल्या. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १०६ डॉक्टरांना तसेच विचारले. ६३ प्रकारची उत्तरे आली, आणि अचूक होती फक्त सहा जणांची. हे आकडे समोर आणल्याबद्दल आपण या संशोधकांचे ऋणी आहोत. पण लक्षात राहिला तो औषधांच्या चिठ्ठीचा आकडा, आणि चिठ्ठीच्या प्रश्नात रुग्णाला क्षय आहे हे गृहीतच असते. गावातल्या डॉक्टरांसमोर मात्र निदान झालेला रुग्ण येत नाही. येतो तो तीन आठवड्यांचा खोकला, आणि फोटोतला एक डाग.

हा डाग वर्गात सहज समजावता येईल. हवा भरलेल्या फुप्फुसातून किरण बरेचसे आरपार जातात, म्हणून फिल्म काळी पडते. हवेची जागा पू, पाणी किंवा गाठ यांनी घेतली की किरण अडतात व तेथे पांढरे उमटते. (सावली पांढरी कशी, हा प्रश्न मुले हमखास विचारतात!) क्षय, न्यूमोनिया, कर्करोग आणि कधीकाळी बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण यांच्या छाया एकसारख्या असू शकतात. त्यातून वाचणाऱ्यांचेही एकमत नसते. अमेरिकेत १९४७ मध्ये १२५६ व्यक्तींचे फोटो चार पद्धतींनी काढून पाच तज्ज्ञांना दाखवले. तुलना पद्धतींची करायची होती. आढळले असे की पद्धतींपेक्षा तज्ज्ञांमधलाच फरक मोठा. तेच फोटो पुन्हा दिल्यावर तज्ज्ञ स्वतःशीही सहमत होईना.

तेव्हा एक फोटो म्हणजे निदान नव्हे. थुंकी तपासायला हवी. जुना फोटो असेल तर शेजारी धरून पाहायला हवा. न्यूमोनिया समजून औषध दिले असेल तर साधारण सहा आठवड्यांनी, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या वा पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णाचा, पुन्हा फोटो हवा.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हा धागा तुटतो कोठे? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, आणि हंगामही जवळजवळ तेवढाच. ऑक्टोबरात ज्याला 'सहा आठवड्यांनी या' म्हटले, तो तेव्हा दूरच्या कारखान्याजवळ खोपीत असतो. तेथे नवा डॉक्टर, नवा फोटो. त्यातून लेव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक मिळाले, तर क्षय काही काळ दबतो आणि निदान आणखी लांबते.

मे २०१२ पासून क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. पण ही नोंद निदान झालेल्याची. संशयित डाग कोणत्याच वहीत नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे गावात पोचू लागली, संगणकही डाग हेरू लागला. त्यामुळे असे संशयित वाढणारच, आणि त्यांना परत बोलावण्याचे काम संगणक आपोआप करत नाही.

याच जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले आणि पुढे गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या घरोघरी जात, त्यामुळे कोण आले नाही हेही कळे. खाजगी दवाखान्यात आलेल्यांची नावे सापडतात. न आलेल्यांची यादी, जी प्रत्येक शिक्षक हजेरीपटावरून रोज काढतो, ती तेथे नसते. दोनशे पानी वही पुरेल: नाव, डाग कोणत्या बाजूला, पुन्हा यायची तारीख, कारखान्याचे नाव आणि मुकादमाचा फोन.