‘71 टक्के बर्फ घटला’ हे वाक्य कसं वाचायचं?

विष्णुपुरीत बसून बर्फावरचा पेपर कशाला वाचायचा, असं तुम्ही म्हणाल. आपला शंकरसागर जलाशय काही कधी गोठत नाही. पण पेट देऊन लिटरेचर रिव्ह्यूला लागलेल्यांना हा पेपर बरंच काही शिकवतो.

जिया वांग आणि सहकाऱ्यांचा हा पेपर 2012 साली ‘जर्नल ऑफ क्लायमेट’मध्ये आला. विषय होता अमेरिका-कॅनडामधल्या ग्रेट लेक्सवरचा हिवाळी बर्फ. त्यातलं एकटं सुपीरियर सरोवरच सुमारे 82 हजार चौरस किलोमीटरचं आहे. अख्खा मराठवाडा साधारण 65 हजारांचा. 1973 ते 2010 या काळात सगळ्या सरोवरांवरचं बर्फाच्छादन मिळून 71 टक्क्यांनी घटलं, सुपीरियरवर 79 टक्क्यांनी, असा निष्कर्ष. बातम्यांमध्ये 71 हाच आकडा फिरला.

आणि 2014 च्या हिवाळ्यात सरोवरांचा सुमारे 92 टक्के पृष्ठभाग गोठला! 1973 पासूनच्या नोंदींत त्याहून जास्त बर्फ फक्त 1979 साली होता, सुमारे 95 टक्के.

मग पेपर चुकला का? नाही. पण त्याचा सारांश एका टक्केवारीत बसवला गेला, आणि माझा आक्षेप तिथे आहे. 71 हा आकडा डेटामधून काढलेल्या सरळ रेषेचा उतार सांगतो. नोंदींच्या सुरुवातीलाच 1977 ते 1979 असे सलग तीन कडक हिवाळे आहेत, त्यामुळे रेषेचं डावं टोक वर उचललं जातं. 1973 हे वर्ष कुणी सोयीनं निवडलेलं नाही, सलग नोंदीच तिथून सुरू होतात. तरी परिणाम तोच. 2014 पर्यंतचा डेटा घेतला की हीच रेषा बरीच सपाट होते. वर्षावर्षातले चढउतार आणि एल निनोसारख्या घटकांचा हात, हे सगळं त्याच पेपरमध्ये आहे. पण ते वाचतं कोण?

याचा अर्थ बदल होतच नाही, असा मुळीच नाही. बर्फ ऊन परतवतो. तो कमी पडला किंवा लवकर वितळला की पाणी लवकर तापायला लागतं. ऑस्टिन आणि कोलमन यांनी 2007 मध्ये दाखवलं की 1979 ते 2006 दरम्यान सुपीरियरचं उन्हाळी पृष्ठजल सुमारे अडीच अंशांनी तापलं, हवेपेक्षाही वेगानं. मात्र बघा, इथेही सुरुवात 1979 पासूनच. यंत्रणा पटते, तरी आकडा जपूनच वापरायचा.

मी स्वतः हीच चूक केली आहे. एका सेमिनारमध्ये मी भरल्या धरणाच्या वर्षापासून दुष्काळापर्यंत रेषा ओढली आणि ‘घट’ सिद्ध केली. गाईडनी एवढंच विचारलं, “आणि पुढच्या वर्षी पाऊस पडला तर?” मला उत्तर देता आलं नाही. लातूर आठवा: 2016 च्या एप्रिलमध्ये रेल्वेनं पाणी आणलं आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी अतिवृष्टी झाली. अशा रेषांवर आपल्याकडे पाण्याचं नियोजन ठरतं, म्हणून ही चूक नुसती सेमिनारपुरती राहत नाही.

तेव्हा कुठलाही ट्रेंड दिसला की आधी पहिलं आणि शेवटचं वर्ष तपासा. दोन्हीकडची दोन-तीन वर्षं वगळून रेषा पुन्हा काढा. तरीही ती टिकली, तर मगच तुमच्या रिव्ह्यूमध्ये तो आकडा लिहा.