गुच्ची म्हणणारा बरोबर होता

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचं प्रदर्शन भरतं. आकाशपाळणा, भज्यांचे स्टॉल, आणि एका कडेला घड्याळांचा गाडा. काही वर्षांपूर्वी तिथं एक पोरगा ओरडत होता, ‘गुच्ची घ्या, वर्साचे घ्या, कोणतंबी दोनशे!’ माझ्यासोबत पुण्यात शिकणारा एक मित्र होता. तो हसून म्हणाला, ‘गुच्ची नाही रे, गूची.’ पोरगा ओशाळला. पुढची हाक त्यानं नाव न घेताच दिली, ‘ब्रँडेड घ्या, ब्रँडेड!’

मीही हसलो होतो. गाड्यावरचा पोरगाच बरोबर होता, हे मला फार उशिरा कळलं.

इटालियनमध्ये दोनदा लिहिलेलं व्यंजन दाबून म्हणतात. आपण ‘कच्चा’, ‘बच्चा’ म्हणतो तसंच. इंग्रजी जिभेला हा दाब जमत नाही, म्हणून ती ‘ऊ’ लांबवते आणि ‘गूची’ होतं. ‘वर्साची’चंही तेच. इटलीत शेवटी ‘चे’ आहे. म्हणजे माझ्या मित्रानं इटालियन शुद्ध केलं नव्हतं. त्यानं हिंगोलीच्या उच्चाराच्या जागी लंडनचा उच्चार बसवला होता.

‘तुम्ही हे नाव चुकीचं उच्चारता’ अशा व्हिडिओंचं मला वावडं आहे ते यामुळेच. तीस सेकंद, एक लोगो, एक बरोबरचं हिरवं चिन्ह. त्यात माहिती असते, नाही असं नाही. बुल्गारीचंच घ्या. आपण ‘बुल्गारी’ म्हणताना ‘गा’वर जोर देतो, इटलीत तो पहिल्या ‘बु’वर असतो. कारण हे मुळात एका ग्रीक चांदीकाराचं आडनाव आहे. सोतिरिओस वुल्गारिस रोमला आला आणि 1884 मध्ये त्यानं तिथं दुकान काढलं. लोगोतला ‘यू’ जुन्या लॅटिन पद्धतीनं ‘व्ही’सारखा लिहितात, म्हणून वाचणारा आणखी अडखळतो. हे कळलं की नावामागचा माणूस दिसतो. पण व्हिडिओ तिथवर जात नाही. त्याला फक्त कोण चुकलं ते सांगायचं असतं.

आणि ‘बरोबर’ म्हणजे कुणाचं बरोबर? पानेराय हे धोनीच्या जाहिरातींमुळे आपल्याकडे थोडंफार माहीत झालेलं घड्याळ. ही कंपनी 1860 मध्ये फ्लॉरेन्समध्ये सुरू झाली. तिचं पूर्ण नाव पुस्तकी उच्चारात ‘ओफ्फिचीने पानेराय’. पण खुद्द फ्लॉरेन्सचा माणूस दोन स्वरांमधला ‘च’ मऊ करतो आणि ‘ओफ्फिशीने’ म्हणतो. तिथं ‘क’चाही ‘ह’ होतो. फ्लॉरेन्सवाला कोकाकोला मागताना ‘होहा होला’ म्हणतो, हा इटलीभर चालणारा विनोद आहे. गंमत अशी की आजची प्रमाण इटालियन याच शहराच्या भाषेवर उभी आहे. प्रमाण भाषेनं गावाकडून व्याकरण घेतलं, शब्द घेतले, आणि गावाच्या उच्चाराला गावठी ठरवलं.

पानेराय सुरू झालं त्याच्या पुढच्या वर्षी, 1861 मध्ये, इटलीचं एकीकरण झालं. भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजानुसार तेव्हा जेमतेम अडीच टक्के लोकांना इटालियन येत होती. बाकीचे आपापल्या बोलीत जगत होते. ज्याला आपण ‘अस्सल इटालियन उच्चार’ म्हणतो तो शाळा, सैन्य आणि 1954 नंतर टीव्ही, यांनी हळूहळू घडवलेला आहे.

रिडली स्कॉटचा ‘हाऊस ऑफ गुची’ (2021) पाहताना हेच खटकतं. लेडी गागानं नऊ महिने तो लहेजा सांभाळला म्हणे. मेहनत खरी आहे. पण गुच्ची घराणं फ्लॉरेन्सचं आणि पात्रित्सिया उत्तरेकडच्या एमिलियातली. सिनेमात हा फरक कुठंच ऐकू येत नाही. सगळ्यांना एकच ‘इटालियन मसाला’ लावलाय. बाहेरची म्हणून तिला त्या घरात जो तुच्छतेचा सामना करावा लागतो, तो लहेजातूनही दिसू शकला असता. ती संधी सिनेमानं घालवली.

आपण मात्र फार हसू नये. मराठी मालिकांमधला ‘गावाकडचा माणूस’ वर्षानुवर्षं हाच मसाला लावून येतो. थोडं सातारा, थोडं कोल्हापूर, आणि काम बहुधा विनोदी नोकराचं. सेनगाव-कळमनुरीचं ‘काय करायलास?’, ‘काहून?’ त्यात क्वचितच असतं. ‘सैराट’ (2016) वेगळा वाटला तो यासाठी. तिथं करमाळ्याची बोली नायिकेच्या तोंडी होती, आणि ती बुलेट चालवत होती. तिच्या बोलण्यावर नव्हे, तिच्यासोबत प्रेक्षक हसले.

मी पहिल्यांदा कॉलेजात ‘मी अभ्यास करायलो’ म्हणालो तेव्हा वर्ग हसला होता. कुणी वाईट नव्हतं. पण पुढचे सहा महिने मी प्रत्येक वाक्य आधी मनात इस्त्री करून मगच बोलायचो. त्या गाड्यावरच्या पोरानं नाव घ्यायचं का सोडलं, हे म्हणूनच मला नेमकं समजतं.

कुणी म्हणेल, नाव नीट घेणं हा साधा आदर नाही का? आहे. समोरचा माणूस आपलं नाव सांगतो तसं घ्यावं. पण आदर दोन्ही बाजूंनी चालतो. 2021 मध्ये बुल्गारीनं भारतासाठी मंगळसूत्र काढलं, किंमत जवळपास साडेतीन लाख. प्रियांका चोप्रानं ते मिरवलं. त्या वेळी ‘मंगळसूत्र’मधला ‘ळ’ कसा म्हणावा, याचा धडा रोममधल्या सेल्समनला कुणी दिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. तो त्याच्या जिभेनं म्हणाला असेल, आणि आपल्याला ते गोडच वाटलं असतं.

तेवढीच सूट दसऱ्याच्या गाड्यावर द्यायला काय हरकत आहे? यंदा प्रदर्शनात गेलो तर मी त्या पोराला शोधणार आहे. दोनशेचं घड्याळ घेईन, आणि विचारताना मोठ्यानं म्हणेन, ‘भाऊ, गुच्ची दाखव.’