गाण्याचा धनी कोण?

संगीताच्या चोरीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात फिर्यादीचा आवाज मोठा आणि न्यायाचा विचार थोडा, असे दिसते. इंटरनेटवरील फुकट नकलांनी आमचा धंदा बुडविला, ही ध्वनिमुद्रण कंपन्यांची तक्रार. चोरी ती चोरीच. वकिलीचा व्यवसाय करणाऱ्याने तिचे समर्थन करू नये. तथापि या धंद्याने चोरीला तोंड कसे दिले आणि त्यातून कलावंताच्या पदरात काय पडले, हे तपासल्यावाचून ही फिर्याद एकतर्फीच राहते.

तबकडी काढण्यास कारखाना लागे. कॅसेट आली आणि नक्कल करणे हे घरगुती काम झाले. १९८४ साली कायदा कडक होऊन अशा गुन्ह्यास किमान सहा महिन्यांची कैद ठरली. परंतु बाजाराचे रूप पालटले ते केवळ कैदेच्या धाकाने नव्हे. १९८३ साली निघालेल्या टी-सीरीजने कॅसेट स्वस्त केली आणि पानपट्टीच्या ठेल्यापर्यंत नेली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेडोपाडी घुमला, त्यातही कॅसेटीचा वाटा मोठा.

येथे स्वस्ताईइतकेच महत्त्व सोयीला आहे. आमच्या बऱ्हाणपुरात मराठी घरे पिढ्यानपिढ्या नांदत आली. पण राज्याची सीमा ओलांडली की हवी ती मराठी कॅसेट दुकानात मिळेल, याचा भरवसा नसे. मग जळगावाहून कोणी आणलेल्या एका कॅसेटीच्या चार होत. गोव्यापासून दूर राहिलेल्या कोंकणी श्रोत्याची अडचण याहून निराळी नव्हती. जेथे अस्सल माल पोहोचत नाही, तेथे नक्कल पोहोचते. १९९९ साली निघालेल्या नॅपस्टरने हीच गोष्ट जगाला दाखविली, आणि अॅपलने २००३ साली सुटे गाणे विकावयास काढून तिला उत्तर दिले. पुढे मासिक वर्गणीत हवे ते गाणे ऐकण्याची सोय झाली. किंमत व सोय हे दोन धडे धंदा शिकला, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

तिसरा धडा मात्र त्याने स्वखुशीने गिरविला नाही. तो हिश्श्याचा. गायकास रॉयल्टी मिळावी म्हणून मंगेशीच्या दीनानाथांची कन्या लता मंगेशकर साठीच्या दशकात हट्टाने उभी राहिली. त्यापायी महंमद रफींबरोबरचे गाणेही काही काळ थांबले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, उलट करार नसेल तर निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटगीताचा धनी निर्माताच, असा निर्णय दिला. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या उपेक्षेकडे संसदेचे लक्ष वेधले. गायकादी कलावंतांचे हक्क कायद्यात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने. गीतकार-संगीतकारांचा समान वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, ही तरतूद व्हावयास २०१२ साल उजाडले.

कायदा झाला, पण वाटा मोजण्याची वही अजून कंपनीच्याच हाती आहे. गाणे किती वेळा वाजले, त्याचे किती आले, हे कवीला सहज कळत नाही. मोबाइलच्या पडद्यावर गायकाचे नाव ठळक असते, कवीचे बहुधा शोधावे लागते. चोरीविरुद्धची नैतिक बाजू येथेच दुबळी होते. श्रोत्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणाऱ्याने प्रथम कवीपुढे हिशेब मांडावा. आपले पैसे गाणे रचणाऱ्याच्या घरी पोहोचतात, अशी खात्री पटली, तर ते देण्यास नाखूष होणारे श्रोते फार थोडे निघतील.