साष्टी बेटावरील बौद्ध लेणी आणि प्रवाशांसाठीची परिचयदालने : एक चिकित्सा

मुंबई आणि साष्टी आज सलग भूमी भासत असली तरी मुळात ती बेटे आहेत. साष्टीच्या उत्तरेस वसईची खाडी असून पलीकडे सोपारा आहे. ईशान्येस उल्हास नदीच्या काठी कल्याण आहे. आणि मुंबई बंदरात घारापुरीचे बेट आहे. या जलमार्गांच्या आश्रयाने कान्हेरीचा भिक्खू संघ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून सुमारे एक सहस्र वर्षे नांदला. आज या प्रदेशात येणाऱ्या प्रवाशास त्या संघाचे दर्शन घडते काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. लेणी पाहावयास मिळतात, याबद्दल वाद नाही. परंतु लेणी पाहणे आणि संघ समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर भरून काढणे हेच वस्तुसंग्रहालयाचे व परिचयदालनाचे कार्य होय.

दिनांक १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेस, कान्हेरी येथे प्रवाशांसाठी बांधलेल्या सुविधांचे उद्घाटन तत्कालीन केंद्रीय सांस्कृतिक मंत्री जी. किशन रेड्डी यांच्या हस्ते झाले. त्यांत परिचयकेंद्राचाही समावेश आहे. या कार्याचे आम्ही स्वागत करतो. डोंगर चढून येणाऱ्या वृद्ध उपासिकेस सावली व पाणी मिळावे, ही साधी मानवी गरज आहे. परंतु सुविधा म्हणजे परिचय नव्हे. परिचयाची कसोटी निराळी आहे आणि ती कठोरपणे लावली पाहिजे.

आपल्याकडील अशा दालनांची व फलकांची एक रूढ मांडणी ठरून गेली आहे. प्रथम राजवंश, मग कालखंड, मग शिल्पशैली. सातवाहन, त्रैकूटक, राष्ट्रकूट, शिलाहार अशी नामावली वाचून प्रवासी पुढे सरकतो. जणू राजांनी लेणी खोदविली आणि कारागिरांनी ती सजविली, एवढीच ती कथा! कान्हेरीचे शिलालेख मात्र वेगळी साक्ष देतात. कल्याणचा सोनार सामिदत याने पाण्याच्या टाक्याचे दान दिले. कल्याणचा लोहार नंद आणि सोपाऱ्याचा मणिकार नागपालित हेही दात्यांच्या यादीत आहेत. गजसेन व गजमित या व्यापारी बंधूंची नावे मुख्य चैत्यगृहाच्या लेखात आहेत. भिक्खुणींची दाने आहेत, गृहस्थ स्त्रियांची आहेत. ज्यांना पुढील काळातील वर्णव्यवस्थेने हीन लेखले, त्या श्रमजीवी कारागिरांची नावे येथे दगडात कोरलेली आहेत. राजाचे नाव अनेकदा कालनिर्देशापुरते येते. दान मात्र या माणसांचे असते. हे मांडणीत दुय्यम ठरणे ही आमच्या मते गंभीर त्रुटी आहे.

दुसरा मुद्दा नावांचा. शिलालेखांत या वास्तूंस ‘लेण’ म्हटले आहे, टाक्यास ‘पोढी’ म्हटले आहे, आणि डोंगरास ‘कण्हसेल’, म्हणजे काळा पर्वत. लेणे हा शब्द आजही आपल्या तोंडी आहे. पोढी हा शब्द गडकोटांवर भटकणाऱ्यांस परिचित आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वीचा दाता आणि आजचा मराठी वाचक यांच्यात भाषेचा हा जिवंत धागा आहे. असे असता फलकांवर ‘गुंफा’ असे लिहिले जाते आणि वाचकाच्या मनात वैराग्याने रानात दडून बसलेल्या एकाकी साधूचे चित्र उभे राहते. लेणे क्र. ११ हे ‘दरबार’ या नावाने ओळखले जाते. आत दगडी, लांब, ठेंगणी आसने आहेत. संघ येथे एकत्र बसत असे. भोजनासाठी की पठणासाठी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु दरबार मात्र येथे कोणाचाही भरत नव्हता. एका नावाने संघाची सभा पुसली जाते आणि तेथे राजा येऊन बसतो. अंधेरीजवळील कोंडिवट्याची बौद्ध लेणीही ‘महाकाली’ याच नावाने सर्वतोमुखी झाली आहेत.

तिसरा मुद्दा स्थान आणि वस्तू यांच्या ताटातुटीचा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनित केला. तेथील धातुकरंडक व बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आल्या. सोपाऱ्याच्या अशोक शिलालेखाचा भाग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये हलविताना भंगला; तो आज भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. परिणामी बेटावर जाणाऱ्यास रिकामी जागा दिसते आणि शहरातील संग्रहालयात जाणाऱ्यास जागेविना वस्तू दिसते. घारापुरी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. परंतु बहुतेक प्रवाशांची फेरी मुख्य शैव लेण्यातच आटोपते, आणि पूर्वेकडील टेकडीवरील विटांचा स्तूप नजरेआड राहतो. मूळ वस्तू परत आणणे नेहमीच शक्य वा हितकर असेल असे नाही. परंतु प्रतिकृती, नकाशा आणि दोन परिच्छेदांचे स्पष्टीकरण यांस कोणती अडचण आहे?

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत भिक्खूविषयी एक मूलगामी प्रश्न उपस्थित केला. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण मनुष्य व्हावा, की समाजाचा सेवक व मार्गदर्शक? कान्हेरी हा प्रश्न प्रत्यक्ष तपासून पाहण्याचे स्थळ आहे. येथे दान अक्षयनीवीच्या रूपाने ठेवले जाई आणि त्याच्या व्याजातून चीवरांची, पादत्राणांचीही तरतूद होई. मंगलठाण, म्हणजे आजचे बोरिवलीचे मागाठाणे, येथील शेत संघास दिल्याची नोंद आहे. नवव्या शतकातील एका लेखात बुद्धपूजा व विहाराची डागडुजी यांबरोबर पुस्तकांसाठीही तरतूद आहे. समाज संघास पोसत होता, आणि संघाकडे ग्रंथ होते, अध्ययन होते. लेण्यालेण्यांस जोडलेली पाण्याची टाकी पाहिली की सामूहिक जीवनाची ही शिस्त ध्यानी येते. ही व्यवस्था उलगडून न दाखविणारे दालन कितीही देखणे असले, तरी ते अपुरेच म्हटले पाहिजे.

तथापि टीका करताना आपण स्वतःसही तीच कसोटी लावली पाहिजे. कोंडिवट्याच्या शिलालेखात एका ब्राह्मण दात्याने विहार दिल्याची नोंद आहे. ती आपण लपवू नये. कान्हेरीच्या लेणे क्र. ९० मध्ये इ. स. १००९ व १०२१ मध्ये आलेल्या पारशी अभ्यागतांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली; तीही या स्थळाच्या इतिहासाचा भाग आहेत. मंडपेश्वर व जोगेश्वरी येथील शैव लेण्यांवर पुराव्याविना हक्क सांगणे हेही धम्माच्या सत्यनिष्ठेस शोभणारे नाही. जो इतिहास इतरांनी पुसू नये असे आपणास वाटते, तो आपण फुगवूही नये. बुद्धपौर्णिमेस आपण सहस्रावधींनी कान्हेरीस जातो, त्रिसरण-पंचशील घेतो, छायाचित्रे काढतो आणि परततो. त्यांपैकी किती जण एक तरी शिलालेख समजून घेऊन उतरतात? वाचन आपण सोडले, तर ‘दरबार’ आणि ‘गुंफा’ याच नावांचे राज्य चालू राहील. त्याचा दोष केवळ शासनाच्या माथी मारता येणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक महत्त्वाच्या शिलालेखाजवळ त्याचा मूळ पाठ देवनागरीत आणि अर्थ सुबोध मराठीत असावा. दात्याचे नाव, गाव व व्यवसाय ठळक असावेत. सोपारा, मागाठाणे, कान्हेरी, कोंडिवटे आणि घारापुरी यांना जोडणारा एकच नकाशा प्रत्येक ठिकाणी लावावा, आणि शहरातील संग्रहालयांत गेलेल्या वस्तूंच्या प्रतिकृती मूळ स्थळी असाव्यात. शासनाने हे करावे यासाठी पाठपुरावा होईलच. परंतु विहारांनी तोवर थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक विहाराने दोन-चार तरुण-तरुणींस ब्राह्मी लिपीचे प्राथमिक शिक्षण द्यावे, पौर्णिमेच्या दिवशी त्यांनी लहान गटांस लेणी समजावून सांगावीत, आणि भिंतीस हात न लावता, तेल-रंग न लावता पाहण्याची शिस्तही शिकवावी. ज्या सोनाराने तहानलेल्यांसाठी टाके दिले, त्याचे नाव आमच्या मुलांस मुखोद्गत झाले, तर ते टाके पुन्हा भरले असे आम्ही मानू.