विश्वासघाताचा हिशेब : हेरकथेच्या उत्तरभागाविषयी

‘मुद्राराक्षसा’च्या पाचव्या अंकात भागुरायण क्षणभर थबकतो. चाणक्याने त्याला मलयकेतूच्या गोटात पेरलेले आहे आणि मलयकेतूचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसलेला आहे. आपल्यावर एवढा लोभ असणाऱ्या या राजपुत्राला फसवावे लागणार, याची खंत तो बोलून दाखवतो आणि लगेच नेमून दिलेल्या कामाला लागतो. विशाखदत्ताने या खंतीला यापेक्षा अधिक जागा दिलेली नाही. त्याच्या नाट्यदृष्टीचा रोख राजनीतीच्या यशावर आहे; भागुरायणाचे पुढे काय झाले, त्याला झोप लागली की नाही, हा प्रश्न त्या संहितेच्या कक्षेत येत नाही. पण हेरकथा या वाङ्मयप्रकाराचा मूळ नैतिक पेच त्या एका उद्गारात सामावलेला आहे. कागद चोरणारा हेर आणि विश्वास संपादन करणारा हेर यांच्यातील भेद केवळ तंत्राचा नाही. पहिल्याला धैर्य पुरते. दुसऱ्याला माणसाशी खरेखुरे नाते जोडावे लागते आणि ते तोडण्यासाठीच जोडावे लागते.

कौटिल्याने गूढपुरुषांचे जे वर्गीकरण केले, ते याच ठिकाणी थांबते. एका जागी राहणारे कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक व तापस, आणि फिरते सत्री, तीक्ष्ण, रसद व भिक्षुकी, ही मांडणी सोंग आणि काम या दोन निकषांवर उभी आहे. सोंग वठवणाऱ्याच्या मनाचे काय होते, हा शास्त्राचा विषय नव्हे. तो साहित्याचा विषय आहे. आणि साहित्याला तो हाताळायचा असेल, तर घटना संपल्यानंतरचा काळ लागतो. हेरकथेत उत्तरभागाला जे महत्त्व येते, ते यामुळे.

स्वीडिश लेखक यान गियू यांच्या कार्ल हॅमिल्टन या नायकावरील कादंबरीमालेचा या दृष्टीने विचार करता येतो. मालेतील पहिली कादंबरी, ‘कॉक रूज’, १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी १९८७ मध्ये. या दुसऱ्या कादंबरीच्या मूळ नावाचा अर्थ ‘लोकशाहीवादी दहशतवादी’ असा होतो. दोहोंवर पेले बर्गलुंड यांनी चित्रपट केले, पहिला १९८९ मध्ये आणि दुसरा १९९२ मध्ये. दोन्हींत हॅमिल्टनची भूमिका स्टेलान स्कार्सगार्ड यांची आहे. पहिल्या भागात हॅमिल्टन तपास करतो. दुसऱ्यात पश्चिम जर्मनीच्या सुरक्षायंत्रणेच्या विनंतीवरून त्याला हॅम्बुर्गमध्ये ‘रेड आर्मी फ्रॅक्शन’च्या एका गटात शिरावे लागते. तो त्यांच्यात राहतो, त्यांच्याशी वाद घालतो, त्यांच्यातील मोनिका या तरुणीच्या निकट येतो. आणि शेवटी तो ज्यांच्यात वावरला, त्यांच्यावर बंदुका चालतात. कथेच्या बाह्य हिशेबाने ही कामगिरी यशस्वी आहे. गियूंचा हिशेब मात्र तेथे मिटत नाही.

त्याचे कारण नायकाच्या घडणीत आहे. हॅमिल्टन उमराव घराण्यातला, अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेला अधिकारी. पण विद्यार्थिदशेत तो डाव्या संघटनेत वावरलेला आहे. त्यामुळे हॅम्बुर्गमधील तरुणांची भाषा त्याला शिकावी लागत नाही. ती त्याची स्वतःची, मागे सोडलेली भाषा आहे. भागुरायणाला मलयकेतूचा लोभ जड जातो. हॅमिल्टनला समोरच्याच्या विचारातील स्वतःचा अंश जड जातो. तो त्यांच्या हिंसेला विरोध करतो आणि तो विरोध प्रामाणिक आहे, पण तो बोलून दाखवतो ते फसवणुकीचा भाग म्हणून. खरे मत आणि सोंग एकाच वाक्यात नांदू लागले की सोंगाची कड कोठे संपते, हे सोंग घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. शीर्षकातील विरोधाभास नेमका कोणाला लागू पडतो, हा प्रश्न कादंबरी मुद्दाम उघडा ठेवते.

या पेचामागे लेखकाचा स्वतःचा इतिहास आहे. १९७३ मध्ये गियू आणि पेटर ब्रात या पत्रकारांनी ‘आयबी’ ही गुप्त लष्करी हेरसंस्था उघडकीस आणली. स्वीडनमधील डाव्या कार्यकर्त्यांच्या नोंदी ती ठेवत होती. या लेखनाबद्दल दोघांनाही शिक्षा झाली आणि कायद्याने त्यांच्यावर ठेवलेला आरोप हेरगिरीचा होता. पुढे २००९ मध्ये ‘एक्स्प्रेसेन’ या दैनिकाने गियूंचे तरुणपणी सोव्हिएत गुप्तचरांशी संबंध होते, असे प्रसिद्ध केले. गियूंनी संबंध मान्य केले, हेरगिरी नाकारली. ‘हेर’ हा शब्द वस्तुस्थितीपेक्षा तो उच्चारणाऱ्याच्या सत्तेविषयी अधिक सांगतो, ही जाण त्यांच्या कादंबऱ्यांत आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे.

चित्रपटाच्या बाबतीत माध्यमाचा प्रश्न उपस्थित होतो. कादंबरीतील अंतर्गत वाद निवेदनातून उलगडतो. पडद्यावर तो अभिनेत्याच्या चेहऱ्याकडे आणि मौनाकडे सोपवावा लागतो. घटनांचा वेग कायम राहतो आणि वादाची लांबी घटते. शिवाय काळही पालटलेला होता. कादंबरी लिहिली गेली तेव्हा जर्मनी दुभंगलेली होती. १९७५ मध्ये याच संघटनेने स्टॉकहोममधील पश्चिम जर्मन वकिलातीवर हल्ला करून दोन अधिकाऱ्यांचे प्राण घेतले होते आणि ती जखम स्वीडिश वाचकाच्या स्मरणात होती. चित्रपट आला तेव्हा भिंत कोसळून तीन वर्षे होत आली होती. १९९२ च्याच एप्रिलमध्ये संघटनेने व्यक्तींवरील हल्ले थांबवत असल्याचे जाहीर केले. कादंबरीतील धोका चित्रपटात जवळजवळ इतिहास झाला. यात थरार काहीसा ओसरला असेल. पण थरार ओसरल्यावर उरते ते फसवलेल्या माणसांचे प्रेत, आणि उत्तरभागाचे सत्त्व तेथेच आहे.

या मालेचा रूपबंध मराठी रहस्यकथेशेजारी ठेवला की भेद स्पष्ट होतो. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असो की गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, त्यांच्या मालिकांत भाग असतात, उत्तरभाग नसतो. प्रत्येक पुस्तकात नायक कोरा होऊन येतो. त्याचे वय वाढत नाही, मागच्या पुस्तकातील मृत्यू त्याच्या स्वप्नात येत नाही. हजारांच्या घरात पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकांनी मराठी वाचकवर्ग घडवला, हे त्यांचे ऋण मान्यच करायला हवे. पण विस्मरण ही त्या रूपबंधाची अटच होती. पडद्यावरही फारसे वेगळे घडलेले नाही. दिग्पाल लांजेकरांच्या ‘फर्जंद’ (२०१८) आणि ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) या चित्रपटांतील बहिर्जी नाईक परक्या मुलुखात वेष पालटून वावरतो; त्याला कोणा मित्राचा विश्वास मोडावा लागत नाही. त्याचे हेरपण म्हणूनच निष्कलंक राहू शकते. उलट हॅमिल्टन प्रत्येक भागातून काही ओझे पुढे नेतो आणि १९९५ च्या कादंबरीत स्वतःच खुनी ठरून जन्मठेपेच्या शिक्षेपर्यंत पोहोचतो. देशहिताच्या नावाने केलेल्या कृत्यांची बेरीज कोणीतरी ठेवत होते, असा त्या मालेचा अर्थ लागतो.

हा विचार युरोपीय कथेपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. भंडारा जिल्ह्यातील साकोलीहून लाखांदूर, वडसा, आरमोरी करीत रस्ता गडचिरोलीकडे उतरतो. त्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला १९८० नंतरच्या दशकांत ‘हेर’ हा भारदस्त शब्द कोणी वापरला नाही. तेथे ‘खबऱ्या’ हा शब्द चालला. पोलिसांचा खबऱ्या ठरवून नक्षलवाद्यांनी गावकऱ्यांना मारल्याच्या बातम्या पूर्व विदर्भातील वाचकाने वर्षानुवर्षे वाचल्या. नक्षलवाद्यांना भाकर दिली म्हणून संशयाच्या फेऱ्यात सापडण्याचे भयही तितकेच जुने. मारला गेलेला माणूस खरोखर खबर देत होता काय, हे बहुधा कधीच सिद्ध झाले नाही. शब्द उच्चारला गेला, एवढेच पुरेसे ठरले. साकोलीच्या वाचकापुढे हॅमिल्टनची कथा ठेवली, तर त्याचे लक्ष नायकाच्या शस्त्रकौशल्याकडे जाण्यापूर्वी एका साध्या प्रश्नाकडे जाईल: कामगिरी आटोपल्यावर हा माणूस विमानाने घरी गेला, ज्याचे घर त्याच गावात आहे, त्याने कोठे जावे?

गियूंच्या कथेची मर्यादा येथे उघड होते. विश्वासघाताची यातना त्यांनी गंभीरपणे मांडली. पण ती यातना उमरावाची आहे. त्याच्यामागे राज्य आहे, प्रशिक्षण आहे, परतीचे घर आहे. ज्याला दोन बंदुकांच्या मध्ये उभे राहून एकाला काही सांगावे लागते आणि दुसऱ्यापासून ते लपवावे लागते, त्याच्या वाट्याला खंत करण्याची सवडही येत नाही. मराठीत विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीने माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा ढकलला जातो, हे दाखवले. त्याच जंगलातील खबऱ्याचे, किंवा खबऱ्या ठरवल्या गेलेल्याचे मन केंद्रस्थानी ठेवणारी कलाकृती मात्र विरळाच. लोकप्रिय रहस्यकथेने त्याला पानपुरक पात्र मानले; गंभीर कादंबरीने हेरकथेचा रूपबंधच हलका समजून बाजूला सारला. दोन्ही उपेक्षांचे मूळ एकच आहे: हेरगिरी म्हणजे साहस, हा समज.

तो समज सोडला, तर ‘मुद्राराक्षसा’कडेही वेगळ्या नजरेने पाहता येते. चाणक्य शेवटी राक्षसाला जिंकतो ते शस्त्राने नव्हे. चंदनदास या मित्राला वधस्तंभाकडे नेले जाताना पाहून राक्षस स्वतः पुढे होतो. ज्या मैत्रीची सोंगे नाटकभर घेतली जातात, तीच मैत्री एका माणसात खरी निघते आणि तिच्याच बळावर राजनीती सफल होते. हेरांच्या यशाला खऱ्या मैत्रीचा आधार लागतो, ही त्या नाटकातील अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. हॅम्बुर्गच्या कथेत मोनिकाची जागा तीच आहे. फरक एवढाच, की चंदनदासाला जीवदान मिळते.