‘रणांगण’ : जहाजावरचे प्रेम आणि घरातील मौन

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. मराठी कादंबरीस तिने सागरापार नेले, ही तिची प्रशंसा सर्वश्रुत आहे. ती अयथार्थ नाही, परंतु अपुरी आहे. या कृतीचे खरे सामर्थ्य, प्रेमाचे गुपित कसे होते याचा तिने जो उलगडा केला आहे त्यात आहे, असे मला वाटते.

युद्धकालीन प्रेमकथेचा एक रूढ साचा आहे. धामधुमीत जडलेले प्रेम दडविले जाते, वर्षे लोटतात, आणि शेवटच्या प्रकरणात जुन्या पेटीतील पत्रे सापडून रहस्यस्फोट होतो. बेडेकरांनी हा मोह टाळला. युरोपातून निघालेल्या जहाजावर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची जवळीक सहप्रवाशांच्या देखतच वाढते. तेथे लपवावे कोणापासून? चक्रधराचे आप्त असे कोणी तेथे नाहीच. मुंबईस चक्रधर उतरतो. हॅर्टाला उतरण्याची मुभा नाही. जहाज तिला पूर्वेकडे नेते आणि अखेर ती समुद्रात जीव देते. गुपित जन्मास येते ते यानंतर, किनाऱ्यावर. घरी परतलेल्या पुरुषाने या मृत स्त्रीचा उल्लेख कोणत्या नात्याने करावा? ती पत्नी नव्हे, वाग्दत्ताही नव्हे. ज्या नात्याला नाव नाही, त्याचा शोकही उघडपणे करता येत नाही.

उमेचा पूर्ववृत्तान्त मात्र मला उपरा वाटतो. चक्रधराच्या मनातील कडवटपणास जुन्या प्रेमभंगाचे कारण जोडले, की घर आणि समाज यांची जबाबदारी तेवढी हलकी होते. कथेला या आधाराची गरज नव्हती.

आम्हां सीमाभागातील वाचकांस या विवेचनाचा पडताळा दूर शोधावयास नको. निपाणीहून कोल्हापूर गाठले की जवळच वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती; त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. पोलंडमधून सोव्हिएत प्रदेशात हद्दपार झालेली ही माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात आली होती. युद्ध संपल्यावर बहुतेक निघून गेली. परंतु मोजक्या तरुणींनी येथेच विवाह केले, एखादीने मराठी नावही धारण केले. हॅर्टाला न लाभलेला उंबरठा त्यांना लाभला. त्या प्रेमास ‘सून’ हे नाव मिळाले आणि ते कुटुंबाच्या बोलण्यात आले. अर्थात नव्या नावाखाली जुने आयुष्य किती झाकले गेले, हा प्रश्न उरतोच. आणि तो विचारणारी कादंबरी मराठीला अजून हवी आहे.

‘रणांगण’ शिकविताना आपण हॅर्टा कशी होती, हे विद्यार्थ्यांस विचारतो. ती आपल्या दाराशी आली असती तर घरातील वडीलधाऱ्यांनी तिला काय म्हणून हाक मारली असती, हेही एकदा विचारून पाहावे. वर्गात त्यानंतर जी शांतता पसरेल, तीतच या कादंबरीच्या शीर्षकाचा अर्थ आहे.